वेशीबाहेरचे आरोग्य

मराठवाड्यातील जुन्या गावाला वेस असे. वेशीच्या आत पाटील-देशमुखांचे दगडमातीचे वाडे, देऊळ, मशीद, चावडी आणि दोरीने पाणी शेंदायचा आड. वेशीबाहेर अस्पृश्य गणलेल्यांची वस्ती आणि त्याहून दूर माळावर लमाणांचा तांडा व पारध्यांची पाले. गावाची ही आखणी कोणा वैद्याने केली नव्हती. तरीही कोणाच्या घरी कोणते दुखणे मुक्कामाला यावे, कोणाचे मूल पहिला वाढदिवस पाहील आणि कोणाचे पाहणार नाही, हे पुष्कळ अंशी ह्या आखणीनेच ठरविले. म्हणून धाराशिव जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास दवाखान्यांच्या इमारतींपासून लिहून भागत नाही. तो वेशीपासून लिहावा लागतो.

लोकांच्या आरोग्याची जबाबदारी अंगावर घेतलेल्या संस्था गेल्या सव्वाशे वर्षांत ह्या भूमीवर अनेक आल्या. निजामाचे सरकार आले, जिल्हा परिषद आली, भूकंपानंतर जागतिक बँकेचे साहाय्य आले, स्वयंसेवी कार्यकर्ते आले. प्रत्येकाने आरोग्य वाढविण्याचा यत्न केला आणि ते वाढलेही. परंतु आरोग्य वाढणे आणि आरोग्यातील विषमता घटणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. वाड्यातील दहा मुले अधिक जगली तरी सरासरी सुधारते आणि पालातले मूल जिथल्या तिथे राहते. कोणती संस्था किती औषध वाटते ह्यापेक्षा ती आपल्या कामाची सुरुवात कोणत्या घरापासून करते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो आणि ह्या जिल्ह्याचा इतिहास त्याच प्रश्नाने तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

निजामाच्या राज्यात जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते धाराशिवला आले आणि जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. २०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झाले. त्या काळी सरकारी वैद्यक ठाण्याच्या गावी असे. जहागिरींच्या आणि पायगांच्या खेड्यांत देवी, पटकी, हिवताप आणि दुष्काळ हेच काय ते नियमित पाहुणे. शतक पालटताना पडलेल्या दुष्काळांचा मार असा होता की १८९१ ते १९०१ ह्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

त्याच दशकात प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली ती साथ रेल्वेच्या वाटेने सोलापुराकडे सरकली आणि सोलापूरला लागून असलेल्या ह्या जिल्ह्याला तिची झळ लवकर पोहोचली. १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली. पण त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरात घुसून जी झडती घेतली, तिची हकीकत लशीपेक्षा वेगाने खेड्यांत पोहोचली. सरकारी आरोग्यखाते म्हणजे घर उपसणारे, माणूस उचलून नेणारे खाते, हा ग्रह तेव्हा जो बसला तो पुढे दोन पिढ्या टिकला. प्लेगच्या दिवसांत एक विलक्षण गोष्ट घडत असे. उंदीर पडू लागले की वेशीच्या आतले लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. तेवढ्यापुरते सगळेच वेशीबाहेरचे होत. साथ ओसरली की प्रत्येक जण आपापल्या जागी परत जाई.

स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा ज्या भोर समितीने १९४६ मध्ये दिला, तिची नजर ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. म्हणजे बार्शीपर्यंत आराखडा होता आणि त्यापुढच्या येडशीला नव्हता. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे त्या समितीचे मूलतत्त्व. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे परिषदेकडे आली, जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे राहिले. रोग होऊ न देणारे एक खाते आणि झालेला रोग बरा करणारे दुसरे, अशी ही वाटणी. दोघांचे कागद एकमेकांना भेटायला पुष्कळ वेळ लागतो, हे ज्यांनी एखाद्या बाळंतिणीला उपकेंद्रातून जिल्ह्याच्या गावी हलविले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे लोकसंख्येचे निकष ठरले. तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र. डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार व तीन हजार. निकष वाईट नव्हता. परंतु संख्येची समानता म्हणजे अंतराची समानता नव्हे. केंद्र सहसा सडकेच्या, बाजाराच्या आणि वजनदार पुढाऱ्याच्या गावी बांधले गेले. बालाघाटाच्या कुशीतला तांडा कागदावर त्याच केंद्राच्या कक्षेत असतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात तिथून तापाने फणफणलेले मूल खांद्यावर घेऊन निघालेला बाप केंद्रावर पोहोचेपर्यंत बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपलेली असते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षीच्या खडी फोडण्याच्या, सुखडीच्या आणि लाल मिलोच्या आठवणी जिल्ह्यातील वयस्क मंडळींच्या तोंडून आजही ऐकू येतात. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना निघाली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिची दखल मात्र कमी घेतली जाते. ती गोष्ट हापशाची.

कूपनलिका खणण्याची यंत्रे खेडोपाडी फिरू लागली होती, पण वर बसविलेले बिडाचे हातपंप महिना-दोन महिन्यांत मोडून पडत. ते पंप परदेशातील एका कुटुंबाच्या परसात दिवसातून चार बादल्या पाणी काढण्यासाठी योजलेले. इथे त्यांच्यापुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत घागरींची रांग. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या आधाराने काम करणाऱ्या मंडळींनी ह्या दुखण्यावर उपाय शोधला. आधी ‘जालना पंप’ आणि मग त्याहून मजबूत ‘सोलापूर पंप’ निघाला. भारत सरकार आणि युनिसेफ ह्यांनी सोलापूर पंपाचाच आधार घेऊन १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क-२’ हा हापसा सिद्ध केला. पुढे तो आफ्रिका खंडातही गेला आणि जगात सर्वांत अधिक बसविला गेलेला हातपंप ठरला. आपल्या शेजारच्या कारखान्याच्या अंगणात जन्मलेली ही वस्तू किती बालकांना जगवून गेली असेल, ह्याची गणती कोणी केलेली नाही.

हापशाचे मोल समजण्यासाठी नारू आठवावा लागतो. आजच्या तरुण वाचकाला हा शब्दही नवा वाटेल. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून हात-दोन हात लांबीचा पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकावे. तो रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळे. आग शमावी म्हणून रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, तेव्हा जंत आपली पिल्ले पाण्यात सोडी. ती पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांच्या पोटात जात आणि ते पाणी जो पिई त्याच्या पायातून वर्षभराने नवा नारू निघे. लक्षात घ्यावे, दोरीने शेंदायच्या आडात कोणी उतरत नाही. बारवेत उतरावे लागते. म्हणून बंदिस्त आडाचे पाणी पिणाऱ्याला ह्या रोगाचे भय थोडे, आणि उघड्या बारवेवर, तळ्यावर, ओढ्यावर ज्यांचा निर्वाह त्यांना ते नित्याचे. नारूवर ना लस होती, ना गुणकारी औषध. जात आणि पाणवठा ह्यांचा इतका उघड संबंध दुसऱ्या क्वचितच एखाद्या रोगाने दाखविला असेल.

१९८३-८४ पासून राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि ज्या राज्यांत तो राबविला गेला त्यांत महाराष्ट्र होता. कार्यकर्त्यांनी गावोगाव रोगी हुडकले, बारवांच्या पायऱ्या बंद केल्या, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला शिकविले, किडे मारणारे औषध पाण्यात टाकले आणि जिथे नारू होता तिथे आधी हापसा बसविला. ह्या शेवटच्या वाक्यातील ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. नेहमीचा क्रम उलटला. ज्याच्या गावी रोग अधिक, म्हणजे ज्याची वस्ती सर्वांत उपेक्षित, त्याला पाणी प्रथम. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातील अखेरचा रोगी नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. शासनाचे खाते मनावर घेते तेव्हा काय करू शकते, ह्याचे हे उदाहरण आहे. शासनाला नावे ठेवण्याची आपल्याला सवय जडली आहे, म्हणून ते मुद्दाम सविस्तर सांगितले.

पाण्याचा हाच विचार आणखी खोलवर नेणारा एक प्रयोग जिल्ह्याच्या वेशीला लागूनच चालला होता. भूम आणि परंडा तालुक्यांची हद्द ओलांडली की जामखेड लागते. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयाचे पदवीधर. पूर्वी अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केलेले. तिथेच त्यांच्या मनाला एक टोचणी लागली होती. आज जुलाबातून वाचविलेले मूल त्याच गढूळ पाण्याकडे परत जाते आणि महिन्याने पुन्हा खाटेवर येते. शिवाय सर्वांत गरीब माणूस तर रुग्णालयाच्या दारापर्यंत येतच नाही.

ही टोचणी त्या दोघांपुरती नव्हती. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये जिनिव्हा येथे ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला आणि जगभरच्या मिशन रुग्णालयांच्या कामाची निर्दय तपासणी आरंभिली. निष्कर्ष सुखावह नव्हता: पैसा आणि कष्ट ह्यांचा फार मोठा भाग उपचारावर जात होता आणि लाभ मुख्यतः आसपासच्यांना होत होता. आपल्या कॅथलिक मंडळींनाही हे लागू होतेच. डॉ. मेरी ग्लोरी ह्या धर्मभगिनींनी १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची जी राष्ट्रीय संघटना स्थापिली, तिच्यातही पुढे हाच प्रश्न उभा राहिला. दयेच्या कृत्याला कोण कधी जाब विचारणार? परंतु जाब विचारला गेला, तोही घरच्यांनीच विचारला, हे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात अभिमानाने नोंदण्याजोगे आहे.

जामखेडला आरोळे दांपत्याने प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. तरुण, परगावच्या मुली. गावाला त्यांचा भरवसा नाही आणि त्यांना गावाचा. मग गावातल्याच स्त्रिया निवडाव्यात असे ठरले. त्यांत दलित होत्या, परित्यक्ता होत्या, बहुतेक निरक्षर होत्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र राहत आणि गर्भवतीची तपासणी, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, खोकल्यातला न्यूमोनिया ओळखणे, पाण्याची शुद्धी हे सारे शिकत. दुष्काळात कूपनलिका खणण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत खणाव्यात असा आरोळ्यांचा आग्रह होता. पाणी हवे तर गावाने वस्तीत यावे! शेकडो वर्षांचा रिवाज एका हापशाच्या जागेने हलविला. १९७१ मध्ये तेथील प्रकल्पाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली आणि १९९० च्या दशकात तिशीच्या खाली गेली. त्या काळात गावांत काही मोठी रुग्णालये उभी राहिली नव्हती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ मध्ये ह्या प्रकल्पातील एक आरोग्य कार्यकर्ती, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातील काचेच्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली: देखणी, महाग आणि सर्वांच्या हाती न लागणारी. मग पिशवीतून साधा दिवा काढून तिने पेटविला आणि एका दिव्याने दुसरा लावता येतो, हे प्रत्यक्ष करून दाखविले. सभागृह उभे राहिले म्हणतात. आम्ही धर्मगुरूंनी सेमिनरीत प्रवचनशास्त्राचे पाठ गिरविले आहेत. इतका नेमका दृष्टान्त आमच्यापैकी कितींना सुचला असता, ह्याविषयी मला शंका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हातून घडलेल्या आरोग्यकार्यावर जे पुस्तक काढले त्यात जामखेडवर प्रकरण होते आणि १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा मान्य केला, त्याच्या पार्श्वभूमीला अशाच प्रयोगांचा अनुभव होता. भारत सरकारही मागे राहिले नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावोगाव लोकआरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. मानधन दरमहा पन्नास रुपये. कल्पना उत्तम होती, पण तिचा प्राणच काढून घेतला गेला. निवड पंचायतीकडे आणि निवडले गेले बहुतांशी पुरुष. पुरुष आरोग्यरक्षक गर्भवतीच्या पोटाला हात कसा लावणार आणि वेशीबाहेर कशासाठी जाणार? काही वर्षांत योजना निष्प्रभ झाली. साक्षर पुरुषाला औषधाची पेटी दिली की तो ‘डॉक्टर’ होतो. निरक्षर दलित बाईला दिली तर ती शेजारीणच राहते. जामखेडचे मर्म ह्या फरकात होते आणि परिपत्रकात नेमके तेवढेच उतरले नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावे त्या दिवसापर्यंत जिल्ह्याबाहेर कोणाला माहीत नव्हती. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींनुसार सुमारे आठ ते दहा हजार. धक्क्याची तीव्रता जगाच्या मानाने मध्यम होती. माणसे मारली ती घरांनी. गोल धोंडे आणि माती ह्यांच्या दोन-तीन हात रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. इथे विषमतेने आपले नेहमीचे नियम मोडले. जितका वाडा मोठा तितका ढिगारा मोठा. कुडाच्या झोपडीत निजलेला मजूर पुष्कळदा खरचटण्यावर सुटला. वेशीने इतक्या पिढ्या ज्यांचे रक्षण केले त्यांनाच त्या पहाटे तिचे दगड महाग पडले.

पुनर्वसनाच्या वेळी मात्र जुने नियम परत आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. घराचे क्षेत्र ठरविले ते जमीनधारणेवर: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. म्हणजे मातीची वेस पडली आणि शासनाने ती काँक्रीटमध्ये पुन्हा बांधून दिली. भूमिहीनाच्या घरातही माणसे पाच-सातच असतात, आणि क्षय, खोकला, खरूज हे रोग चौरस फुटांचा हिशेब फार काटेकोरपणे ठेवतात. काम प्रचंड होते, ते नेटाने पार पडले आणि ती घरे आजही उभी आहेत, हे मान्यच. पण ह्या मोजपट्टीचे समर्थन मला तरी करता येत नाही.

ह्याच कार्यक्रमात दुसरीही एक गोष्ट घडली. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाचा त्यात मोठा वाटा होता. ज्या बायका ग्रामसभेत कधी बसल्या नव्हत्या त्या अभियंत्याला भिंतीतला आडवा पट्टा कुठे आहे हे विचारू लागल्या. पुढे त्याच मार्गाने बचत गट, पाणी, पोषण आणि दुष्काळात घरापुरते अन्न पिकविणारी एक एकराची शेती इथपर्यंत त्या आल्या.

भूकंपाला वर्ष व्हायच्या आत शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी, ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीचा प्लेग निघाला. पडकी घरे, त्यांत साठलेले धान्य आणि बेसुमार वाढलेले उंदीर ह्यांच्याशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला. पुढच्याच महिन्यात सुरतेत हाहाकार उडाला. पण १८९७ आणि १९९४ ह्यांत एक फरक होता. ह्या वेळी मामल्यात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणि कीटकनाशक फवारणी घेऊन आरोग्य कर्मचारी घरोघर गेले तेव्हा कोणी दार लावून घेतले नाही. तीस वर्षे देवीच्या लशीसाठी, हिवतापाच्या रक्तनमुन्यासाठी उन्हातान्हात सायकलवरून फिरलेल्या बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची ती कमाई होती.

जिल्ह्याच्या आत हा विचार रुजविणाऱ्यांत तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने ह्यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. औरंगाबादच्या वैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या ह्या मंडळींनी शहरातील व्यवसाय नाकारून १९९० च्या दशकात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले आणि खेड्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ हे भारदस्त नाव दिले. सास्तूरला भूकंपानंतर उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालयही ह्याच मालिकेतले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धाराशिवला यायला मात्र २०२२ साल उजाडले. तोवर अवघड रोग्याने सोलापूर, बार्शी, अंबाजोगाई किंवा लातूर गाठायचे, हीच रीत होती.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ आणली. हजार वस्तीमागे एक स्त्री कार्यकर्ती, गावातलीच. १९७७ ची चूक सुधारली गेली आणि घरातली बाळंतपणे रुग्णालयात येऊ लागली ह्यात तिच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरीही निवडीच्या निकषात आठवी उत्तीर्णतेची अट होती. अट शिथिल करता येते, पण शिथिल करण्याची तसदी कोण घेतो? आठवी शिकलेली सून ज्या घरात असते ते घर बहुधा वेशीच्या आतले असते. पारध्यांच्या पालावर ती क्वचितच सापडते, आणि पालावर जायला बाहेरच्या आशेचे पाय जड होतात. दुसरे दुखणे पैशाचे. तिला पगार नाही, मानधन आहे. त्यासाठी तिला २०२४ च्या आरंभी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. विषमता घटविण्याचे काम ज्या स्त्रीवर सोपविले, तीच व्यवस्थेतल्या विषमतेची सर्वांत खालची पायरी.

जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद. गुणांकनात आरोग्य व पोषणाला तीस टक्के भार आणि दर महिन्याला जिल्ह्यांची क्रमवारी. स्पर्धेने सरकारी यंत्रणेत धावपळ येते, ह्यात शंका नाही. परंतु क्रमांक लागतो तो संबंध जिल्ह्याचा. तांड्याचा आणि पालाचा वेगळा क्रमांक नसतो. अन् सरासरी कधी कधी उलटी दिशाही लपविते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरी २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली नऊशेही नव्हत्या. इथे उपेक्षा दूरच्या पालावरची नव्हे. सोनोग्राफीचे यंत्र आधी सडकेकाठच्या आणि खिशात पैसे असलेल्यांच्या हाती आले, आणि त्यांनी त्याचा हा उपयोग केला.

शेवटी एका अशा वस्तीविषयी, जिला पत्ताच नाही. भूम, वाशी, कळंब ह्या तालुक्यांतून आणि लगतच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड कुटुंबे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल कोयत्यामागे, हजेरी कोयत्याची, खाडा झाला तर दंड कोयत्याला. बाई त्या हिशेबात स्वतंत्रपणे कोठेच नसते. सातव्या महिन्यात आशेने नोंदविलेली गर्भवती नवव्या महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या वा कर्नाटकातल्या फडावर असते. तिकडच्या नोंदवहीत ती परकी आणि इकडच्या नोंदवहीत ‘स्थलांतरित’. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. शस्त्रक्रिया मुख्यतः खाजगी रुग्णालयांत झालेल्या. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींवर उपकेंद्रात कोणी विचारपूस केली असती तर ज्या औषधाने बऱ्या झाल्या असत्या, त्यांच्यासाठी उचल घेऊन पिशवी काढून टाकण्याचा सल्ला त्यांना मिळाला. खाडा पडू नये म्हणून त्यांनी तो मानला. त्यानंतर शासनाने ऊसतोड स्त्रियांची फडावर जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी करावी, त्यांच्याजवळ आरोग्याचे ओळखपत्र असावे अशा सूचना निघाल्या. ते ओळखपत्र कोयत्याच्या नावाने निघते की बाईच्या, हे फडावर जाऊन पाहावे लागेल.